मौत का कुआं, एक ट्रेलर आणि माझं घाबरायचं काम

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या काकूंनी मला सांगितलं, "मंजू, तुझ्या नोकरीबद्दल लिही. पण आधी शाळा, मग कॉलेज, मग पहिला पगार असं नको ग लिहू, लोक पान उलटतात." मी म्हटलं काकू, टेंशनच नको, मी तर सरळ घाटापासूनच सुरू करते. तर म्हणाल्या, "सरळ घाटापासून पण नको. आधी सांग तरी, तू करतेस काय."

बरं, सांगते. कंप्यूटरवर टाइप करतेय आणि बोटं डोक्याच्या पुढे पळतात, तर कुठे घसरले तर सांभाळून घ्या.

मी घाबरते. हेच माझं काम आहे आणि याचाच मला पगार मिळतो.

इंदूरला देवास नाक्याजवळ राजू भियाचं, मतलब राजू भैयाचं, वर्कशॉप आहे. तिथे ट्रेलर बनतात. ट्रेलर मतलब ज्याला स्वतःचं इंजिन नसतं, दुसऱ्या गाडीच्या मागे हुकाला अडकवून जे ओढत न्यायचं, ते. राजू भिया ग्राहकाला नाही म्हणतच नाही. हाथी ले जाना है? बन जाएगा. नाव ले जानी है? अरे बन जाएगी भिया, चाय तो पियो. मग तो ग्राहकाला माझ्या टेबलाशी आणून बसवतो आणि म्हणतो, "ये अपनी मंजू है. इसका काम डरने का है. ये पेले डर ले, फिर अपन बना देंगे."

मग मी विचारते. आत काय भरणार, कोणत्या बाजूला भरणार, पुढे कोणती गाडी लावणार, रस्त्यात उतार कुठे आहे, पावसात पण जाणार का? लोक वैतागतात. एक जण म्हणाला, "मैडम, आप तो अशुभ ही अशुभ सोच रिये हो." मी म्हटलं, हो ना, तेच तर माझं डिपार्टमेंट.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगते, मग पुढचं सगळं कळेल. एक तर सगळे विचारतात, माझी गाडी हे ओढेल का? ओढेल हो. सपाट रस्त्यावर कोणीही काहीही ओढतं. विचारायचं ते हे, की थांबवेल का. मागचं जास्त भारी असलं ना, तर उतारावर कोण कोणाला नेतंय तेच समजत नाही. आणि दुसरं, वजन कुठे आहे. दोन चाकांची हातगाडी बघा. मागे पोती जास्त झाली की पुढचे दांडे हातातून वर उचलले जातात, बरोबर? ट्रेलरचं पण तसंच. चाकांच्या पुढे वजन जास्त पाहिजे, म्हणजे हुकावर थोडा भार राहतो. हुक हलका झाला की ट्रेलरचा मागचा भाग झुलायला लागतो. आधी इतकासा, मग पुढच्या गाडीला पण झुलवतो, आणि मग कोणाच्या हातात काही राहत नाही.

बस. एवढ्यावर माझी नोकरी चालते.

गंमत होत नाही, असं नाही. खजराण्याकडचा एक घोडीवाला आला होता, वरातींना घोड्या देणारा. त्याला दोन घोड्या मावतील असा ट्रेलर हवा होता. मी विचारलं, घोडी आत कुठे तोंड करून उभी राहणार? तो म्हणाला, "ये तो मैडम, घोड़ी से पूछना पड़ेगा." सगळं वर्कशॉप हसलं, मी नाही हसले, कारण घोडी मागे सरकली तर वजन मागे सरकतं आणि घोडीला काय माहीत हुक काय असतो. शेवटी मागे आडवा दांडा लावून दिला. अजून तो रस्त्यात भेटला की ओरडून सांगतो, "मैडम, घोड़ी आपसे नाराज है!"

आणि एक अन्नपूर्णा मंदिराकडचा मुलगा. वडिलांचा नमकीनचा मोठा धंदा. कापडाच्या मिला बंद पडत होत्या तेव्हाचं इंदूर आठवा ना, एका रस्त्यावर मिलच्या गेटला कुलूप, पुढच्या चौकात नव्या गाड्यांचं शोरूम. हा मुलगा अमेरिकेला जाऊन आलेला आणि तिथून गुळगुळीत कागदाचा एक कॅटलॉग घेऊन आला. त्यात एक ट्रेलर होता, तिकडे त्याला टॉय हॉलर म्हणतात. मतलब खेळणी वाहून नेणारा. पुढे एक खोली, पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि मागे मोटरसायकली ठेवायची जागा. मागची अख्खी भिंत खाली पडायची आणि तिचाच रॅम्प व्हायचा, की मोटरसायकल सरळ चालवत आत. मी तर बघतच राहिले! त्याला तसाच हवा होता आणि ओढायचा होता बायकोच्या छोट्या कारनं. मी म्हटलं, ही कार त्याला नाही नेणार, तो हिला नेईल, आणि जिथे नेईल तिथून परत नाही आणणार. तो चिडून निघून गेला. कॅटलॉग टेबलावरच राहिला.

आता खरी गोष्ट.

तो कॅटलॉग बन्ने उस्तादांनी बघितला. बन्ने उस्ताद म्हणजे मौत का कुआं वाले. जत्रेत लाकडी फळ्यांची मोठी गोल विहीर उभी करतात, तिच्या भिंतीवरून मोटरसायकल आडवी फिरते आणि वर काठावर उभे राहून लोक नोटा दाखवतात, ते. ते आले होते जुन्या ट्रॉलीला वेल्डिंग करायला, आणि चहा पिता पिता चित्राकडे बघत राहिले. सोबत त्यांची मुलगी होती, रेश्मा. माझ्याच वयाची, केस मागे घट्ट बांधलेले. कुएंत तीच फिरायची, दोन्ही हात सोडून.

"अब्बा," ती म्हणाली, "आगे घर, पीछे गाड़ियां. ये तो अपने वास्ते बनाया है किसी ने."

"इसको खिलौने की गाड़ी बोलते हैं," मी सांगितलं.

"खिलौना?" ती हसली. "इसी खिलौने से तो रोटी आती है, दीदी."

आणि राजू भिया मागून, "बन जाएगा!"

बनवायला बाबा पुढे झाले. माझे बाबा राजू भियाकडेच फिटर. त्याआधी मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा आमच्या बडा गणपतीजवळच्या घरात आम्ही सगळे घाबरलेले होतो, आई, आजोबा, मी, शेजारचे पण, फक्त बाबा सोडून. बाबा म्हणायचे, "उघडेल." कोणी काही विचारलं की, "उघडेल." मग काही दिवसांनी ते पण म्हणणं बंद झालं आणि नुसते रेडिओचे स्क्रू काढून परत बसवायचे. राजू भियाकडे लागले तेव्हा कुठे परत शिट्टी वाजवायला लागले. आणि हा ट्रेलर म्हणजे तर त्यांना सणच! लोहामंडीतून जे गर्डर आले त्यातले दोन त्यांच्याच मिलच्या भंगारातले निघाले. बाबांनी हात फिरवूनच ओळखले. म्हणाले, "याच्याखाली बसून डबा खाल्लाय ग मी," आणि मग ते गर्डर दुसऱ्या कोणाला कापूच दिले नाहीत.

पुढे कोणती गाडी लावायची यावर मोठी लढाई झाली. उस्तादांना नवी जीप हवी होती, तेव्हा नुकतीच निघालेली, चमकदार. "मेले में जीप से उतरेंगे तो पब्लिक मानेगी," असं त्यांचं. मी हिशोब मांडला. मोटरसायकली, जनरेटर, लाउडस्पीकर, खोली, टाकी. फळ्या तर वेगळ्या ट्रकनं जाणार होत्या, तरी हे एवढं जीपच्या मागे लावून मानपूरच्या पुढचा घाट उतरायचा हे मला झोपेत पण दिसायला लागलं. मी म्हटलं, ट्रक घ्या. महूच्या मिलिटरीच्या नीलामात जुने ट्रक निघतात, दिसायला बेकार पण अंगानं भारी, ब्रेक मोठे. आणि ट्रेलरच्या चाकांना वेगळे ब्रेक लावू, त्याचं हॅन्डल ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी. आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसणार नाही.

"कितना डरती है तेरी लड़की," उस्ताद बाबांना म्हणाले.

बाबा म्हणाले, "घर में भी ऐसी ही है. दूध उतू जाएगा करके गैस ही नी लगाती."

तरी ट्रक घेतला. मला वाटलं, जिंकले मी.

आमच्याकडे वजन बघायची एक पद्धत आहे. धर्मकांट्यावर, मतलब अख्खी गाडी तोलायच्या मोठ्या काट्यावर, पूर्ण भरलेला ट्रेलर तोलायचा. मग नुसती चाकं काट्यावर ठेवायची आणि हुक बाहेर, टेकूवर. दोन्हीतला फरक म्हणजे हुकावरचा भार. मी उस्तादांचं सगळं सामान माझ्या मनाप्रमाणे लावून घेतलं, जनरेटर एकदम पुढे खोलीच्या भिंतीला चिकटून, मग मोटरसायकली, मग हलकं सामान. तोललं. मस्त आलं. हुक इतका भारी की दोन माणसांना उचलवत नव्हता, जॅक लावून ट्रकला अडकवावा लागला. मग सामान उतरवलं आणि मी फरशीवर पिवळ्या पेंटनं खुणा केल्या, काय कुठे ठेवायचं त्या.

आणि राजू भियाचा नियम असा, की ज्यानं वजन पास केलं त्यानं पहिल्या फेरीला सोबत जायचं. "पास तूने किया, तो बैठेगी भी तू." त्याचं म्हणणं, असं केलं की माणूस खोटं पास करत नाही. जत्रा होती घाटाखाली, निमाडात.

निघायच्या सकाळी बाबा आणि मी दसरा मैदानावर उस्तादांच्या डेऱ्यापाशी पोहोचलो, तर ट्रेलर भरून तयार. मागचा रॅम्प बंद, त्यावर हार, कडीला लाल धागा, खाली नारळ फोडलेला, राजू भिया पेढे वाटतोय. मी विचारलं, "उस्ताद, जनरेटर कुठे ठेवला?"

"जहां रखते हैं," ते म्हणाले.

"खुणेवर?"

"अरे बेटा, जहां हमेशा रखते हैं. पीछे, दरवाजे पे."

मला समजलंच नाही आधी. मग रेश्मानं समजावलं, एकदम प्रेमानं, जसं वेड्याला समजावतात. मेळ्यात पोहोचलं की सगळ्यात आधी काय लागतं? लाइट. लाइट लागली तर फळ्या उभ्या होतील, तर कुआं होईल. मग जनरेटर सगळ्यात आधी उतरला पाहिजे. आधी उतरायचा असेल तर सगळ्यात शेवटी चढला पाहिजे. तिच्या आजोबांपासून असंच भरतात. माझ्या पिवळ्या खुणांवर त्यांनी गाद्या टाकल्या होत्या.

मी म्हटलं, "उघडा. आत्ता उघडा, परत लावू."

उस्तादांचा चेहरा बदलला. "पूजा के बाद? धागा बंध गया. अब मेले में ही खुलेगा."

"तर मग धर्मकांट्यावर चला, तोलू तरी."

"मंजू," राजू भिया माझ्या कानाशी, "अपशकुन मत कर यार. कुएं वाले लोग हैं, एक बार वहम बैठ गया तो लड़की दीवार पे नी चढ़ेगी."

आणि तेवढ्यात रेश्मानं हुक उचलला. एका हातानं. काल जो दोघांना हलत नव्हता तो तिनं एका हातानं उचलून ट्रकच्या मागे खट्टकन अडकवला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! "क्या ताकत है लड़की में!" राजू भिया ओरडला. बाबांनी पण वाजवल्या. मी ट्रकचं चाक धरून उभी राहिले. तिची ताकद नव्हती ती. हुक हलका होता. सगळं वजन मागे गेलं होतं.

मी बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, हुक बघितलात ना? हे नाही जाणार घाटातून."

"अग, तीन गल्ल्यांच्या अंतरावर ट्रेलर झुलला की तुला भूकंप वाटतो. हळू नेऊ."

"तुम्ही? तुम्ही कुठे येताय?"

"मी आत बसणार."

तर इथे आम्हा इंदूरवाल्यांची एक गोष्ट सांगायला पाहिजे. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या निघायच्या, ट्रॉलीवर हलती चित्रं, लाइटिंग, सगळं शहर रात्रभर रस्त्यावर. त्या झांकीच्या आत, कापडामागे, एक फिटर लपून बसलेला असायचा, चाकं आणि पट्टे बघत, की राक्षसाचं डोकं फिरतंय ना, कमळ उघडतंय ना. आमच्या मिलचा तो फिटर म्हणजे बाबा. इतकी वर्षं ते ट्रॉलीच्या आत बसूनच शहर फिरलेले. जो बनवतो तो आत बसतो, हे त्यांच्यासाठी नियमच होता. पण झांकी माणसाच्या चालीनं चालते हो, आणि राजवाड्यापाशी घाट नसतो!

मी खूप बोलले. रडवेली झाले. म्हटलं, आत माणूस बसणार नाही हे ठरलंय. बाबा इतके खूश होते, धुतलेला शर्ट, खिशात पाना. म्हणाले, "भित्री कुठची," आणि बाजूच्या दारानं पुढच्या खोलीत चढून बसले. आतून खिडकी ठोकून इशारा पण केला, चलो.

रेश्मा स्टिअरिंगवर, मी मध्ये, उस्ताद खिडकीशी. ट्रेलरच्या ब्रेकचं हॅन्डल माझ्या गुडघ्याशी. मी सगळा वेळ आरशात बघत होते. महूपर्यंत तर ठीक. मग सपाट रस्त्यावरच तो हलकासा झुलायला लागला, डावीकडच्या आरशात ट्रेलरची कड दिसायची, मग नाही दिसायची, मग दिसायची.

"धीरे," मी म्हटलं.

"धीरे में तो डगमग होती है दीदी," रेश्मा म्हणाली. "चीज़ को भगाओ तो सीधी रहती है."

मानपूरला चहाला थांबलो. मी धावत मागे गेले. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "काय मस्त झोका बसतोय! एक पण नटबोल्ट बोलत नाहीये."

"बाबा, खाली उतरा. ट्रकमध्ये बसा. तुम्हाला माझी शपथ."

"शपथ वगैरे नको ग घालू. चहा आण."

मी चहा दिला. उस्तादांना परत म्हटलं, इथे उघडा, रस्त्यात कोण बघतंय. ते म्हणाले, "ऊपर वाला देखता है." रेश्मानं ग्लास ठेवला आणि गाडीत जाऊन हॉर्न वाजवला.

आणि घाट लागला.

पहिलं वळण ठीक गेलं. दुसरं पण. मी हॅन्डलवर हात ठेवूनच बसले होते. मग रस्ता सरळ खाली पडत जातो ना, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला छोटी भिंत आणि त्यापलीकडे काही नाही, तिथे मागून एक लांब ट्रक आला, हॉर्न देत, आणि अगदी चिकटून पुढे निघाला. त्याची हवा ट्रेलरला लागली. मला आवाज नाही आठवत. मला आरसा आठवतो. डाव्या आरशात अख्खा ट्रेलर आला, माझ्या बाबांच्या खिडकीसकट, मग गेला, आणि उजव्या आरशात आला. मग परत डाव्या. प्रत्येक वेळी जास्त. आमचा ट्रक पण हलायला लागला, मागून कोणी कमरेला धरून हलवतंय असा. उस्ताद "या अल्लाह" म्हणाले.

आणि रेश्मानं पाय दाबला.

ऍक्सिलरेटर! मी बघितलं. ती घाबरली नव्हती, तिचा चेहरा एकदम शांत होता, आणि तिचा पाय खाली जात होता. कुएंत असंच असतं. भिंतीवर गाडी डगमगली की पळवायची, हळू झाली की पडली. लहानपणापासून तिच्या अंगात हेच भरलेलं. तिला वाचवायचंच होतं सगळ्यांना, आणि ती आम्हाला उतारावर पळवत होती, मागे माझे बाबा त्या डब्यात.

मी ओरडले, "रेश्मा, ये कुआं नहीं है! पैर उठा! पैर उठा!"

तिला ऐकू गेलं नाही. उस्ताद ब्रेक, ब्रेक ओरडत होते, आणि तो पण चुकीचा सल्ला, कारण आमच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला की मागचा सगळा अंगावर येतो आणि दोघे मुडपतात. मागच्यानंच ओढून धरलं पाहिजे. मी दोन्ही हातांनी ते हॅन्डल धरलं आणि ओढलं. सरळ माझ्या अंगावर पडल्यासारखं ओढलं. आणि उजव्या पायानं, लाज सोडून, तिच्या पिंढरीवर लाथ मारली.

तिचा पाय सुटला.

मागे काहीतरी करकचून धरल्यासारखं झालं. मान मागे गेली. आरशात ट्रेलर आला, गेला, थोडासा आला. मग नाही आला. जळक्या ब्रेकचा वास. रेश्मानं मग हळूहळू, खूप हळू, ट्रक डोंगराच्या बाजूला घेतला आणि डावी चाकं नालीत उतरवून थांबवला.

मी उतरले आणि मागे गेले, आणि दारापाशी जाऊन उभीच राहिले. उघडवेना. आतून काहीच आवाज नाही. इतकी मी रोज टेबलावर बसून घाबरते, पगार घेऊन घाबरते, पण ती भीती डोक्यात असते. ही कडीला हात लावू देत नव्हती. उस्ताद पळत आले, तेही दाराला हात लावेनात. दोघं आम्ही त्या कडीकडे बघत उभे.

कडी आतून उघडली. बाबा पांढरेफटक. केस, भुवया, शर्ट, सगळं पांढरं. मला वाटलं, मतलब मी काय काय नाही वाटून घेतलं त्या एका क्षणात. मग ते खोकले आणि पांढरा ढग उडाला. कणकेचा डबा होता. वरच्या फळीवरून अख्खा त्यांच्या डोक्यावर उलटा झालेला. पलंगाचा पाय त्यांनी मिठीत धरून ठेवला होता, त्याचा रंग त्यांच्या शर्टावर उतरलेला. कोपर फुटलं होतं. बाकी सगळं होतं जागेवर.

ते खाली उतरले, नालीच्या काठावर बसले आणि पाणी मागितलं.

धागा रेश्मानं तोडला. कोणाला विचारलं नाही, दातानं तोडला आणि हार बाजूला केला. रॅम्प उतरवून सगळं सामान रस्त्यावर काढलं. वर जाणारे ट्रकवाले थांबून थांबून विचारत होते, "क्यों भिया, मेला यहीं लगा दिया क्या?" त्यातले दोघे उतरले पण, जनरेटर ढकलायला. गाद्या काढल्या, पिवळ्या खुणा सापडल्या, जनरेटर पुढे, मग मोटरसायकली, मग बाकी. मग मी रेश्माला म्हटलं, हुक सोडवून उचलून बघ. तिनं एका हातानं बघितलं, दोन्ही हातांनी बघितलं. नाही उचलला. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. तिची पिंढरी सुजली होती. मी सॉरी म्हटलं तर म्हणाली, "दूसरी पे भी मार देती."

पण स्टिअरिंगवर ती बसेना. किल्ली हातात घेऊन उभी. "अब्बा, आप चलाओ. मेरे से अभी नी होगा." भिंतीवर हात सोडून फिरणारी मुलगी! उस्तादांनी किल्ली घेतली.

बाबा उठले आणि सवयीनं ट्रेलरच्या दाराकडे वळले. दोन पावलं गेले. मग थांबले. ते परत आले आणि ट्रकमध्ये माझ्या शेजारी चढले, कणकेसकट.

पहिल्या गिअरवर उतरलो. इतके हळू की बकऱ्या घेऊन चाललेला एक माणूस आमच्या पुढे निघून गेला. ट्रेलर आरशात एकदाही झुलला नाही. मी बघत होते ना, पापणी न हलवता. बाबांनी माझं मनगट धरलं होतं. कधी धरलं मला कळलंच नाही. ते समोर बघत होते आणि इतकं घट्ट धरलं होतं की काचेच्या दोन बांगड्या पिचल्या. खाली सपाट रस्ता लागला, गाव लागलं, भज्यांची दुकानं आली, तरी सोडलं नाही. जत्रेत उतरल्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसनं घरी आलो. आई पोळ्या करत होती. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "हे वळ कसले ग? कोणी धरलं होतं?"

मी म्हणणार होते, काही नाही, दारात हात अडकला. मनात तयार होतं.

"मी," बाबा म्हणाले. चपला काढत होते, वर बघितलं नाही. "मी धरलं होतं. फार घाबरलो होतो."

आईनं गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच. ती येऊन बाबांच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सांगा."

आणि बाबा सांगायला लागले. घाटाचं सांगितलंच नाही त्यांनी आधी. मिलचं सांगितलं, "उघडेल, उघडेल" म्हणायचे तेव्हाचं.